हातांतील यंत्र आणि रिकामे हात

हल्लीं आमच्या बीड जिल्ह्यांत कोणत्याहि घरीं गेलें असतां दोन गोष्टी हटकून आढळतात: एक मोबाईल आणि दुसरा शिकूनसवरून घरीं बसलेला मुलगा. बहुधा दोन्ही एकाच खाटेवर असतात. त्या मुलाला दिल्लींत कोण काय म्हणाला तें घटकेच्या आंत कळतें. पण आपल्या गांवांत गेल्या महिन्यांत किती हातांना काम मिळालें, हें विचारल्यास तो नवलानें पाहूं लागतो. यंत्र, बेकारी आणि राजकारण हे तीन विषय आपण निरनिराळे समजून त्यांवर बोलतों. वस्तुतः ते एकाच धाग्यांत ओंवलेले आहेत आणि तो धागा आपल्या घरांतूनच जातो, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. जुन्या शिक्षकाची ती खोड वाचकांनीं सहन करावी. 'यंत्र' हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून निघाला, त्याचा अर्थ आवरणें, ताब्यांत ठेवणें. 'नियंत्रण' हा त्याचाच भाऊबंद. तेव्हां कोणतेंहि नवें यंत्र पाहिलें कीं, तें कोणाला आवरतें, हा प्रश्न आधीं विचारावा. 'बेकार' हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला. 'ज्याला काम नाहीं तो' इतकाच त्याचा मूळ अर्थ. पण आज आपण टाकाऊ वस्तूलाहि बेकार म्हणतों. काम नसणें ही माणसाची परिस्थिति होती. ती हळूहळू त्याची किंमत ठरली. घरांतील वडील माणसें रागाच्या भरांत मुलाला हा शब्द लावतात, तेव्हां त्याला दोन्ही अर्थ कळतात.

आतां राजकारणाकडे वळूं. यंत्र घरोघर पोंचविणारें खातें आणि रिकाम्या हाताला काम देणारें खातें, अशीं दोन्ही खातीं आमच्या जिल्ह्यांतील माणसांकडे दिल्लींत आलीं होतीं. अंबाजोगाईस शिकलेले आणि तेथील खोलेश्वर विद्यालयांत कांहीं काळ शिक्षक असलेले प्रमोद महाजन २००१ पासून २००३ च्या आरंभापर्यंत केंद्रीय दळणवळण मंत्री होते. परळी तालुक्यांतील नाथ्रा गांवचे गोपीनाथ मुंडे २६ मे २०१४ रोजीं केंद्रीय ग्रामविकास मंत्री झाले. रोजगार हमीचा कायदा त्याच खात्याकडे होता. परंतु ३ जून रोजीं दिल्लींत अपघातानें त्यांचा अंत झाला. या दोन व्यक्तींची तुलना करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. दोन खात्यांचीं फळें मात्र आपल्या गांवांत शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात, तीं डोळसपणें पाहिलीं पाहिजेत.

मोबाईल आपल्या देशांत १९९५ सालीं आला, तेव्हां तो श्रीमंतांचा अलंकार होता. १९९९ च्या नव्या धोरणानें कंपन्यांवरील ठरीव परवाना शुल्काचें ओझें जाऊन त्या जागीं उत्पन्नांतील वाटा आला. २००३ सालीं आलेला फोन घेण्यास पैसे पडेनासे झाले. आणि २०१६ नंतर इंटरनेट इतकें स्वस्त झालें कीं, ऊसतोडीस गेलेल्या माणसाच्या कोपींतहि तें पोंचलें. यासाठीं कोणास उपोषण करावें लागलें नाहीं, कीं अर्ज लिहावा लागला नाहीं. प्रत्येक रिचार्जमागें विकणाऱ्याचा फायदा होता. म्हणून विकणारा आपल्या पायांनीं दारीं आला.

कामाची गोष्ट अगदीं उलट आहे. मजुराला काम देण्यांत कोणाचा रोकडा नफा नसतो. म्हणून त्यासाठीं कायदा करावा लागला, आणि तो देशांत प्रथम महाराष्ट्रानें केला, हें आपल्या मुलांना सांगितलें पाहिजे. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें या कल्पनेचा प्रयोग केला. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला. त्या सालीं खडी फोडून आणि पाझर तलाव खणून ज्यांनीं पोटें भरलीं, अशीं माणसें मराठवाड्यांत अजूनहि भेटतात. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. त्याच्या खर्चासाठीं १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यांत आला. आम्हां पगारदारांच्या पगारांतून दरमहा कापली जाणारी ती रक्कम मुळांत या कामासाठींच होती. तेव्हां ही योजना म्हणजे दुसऱ्या आळीची गोष्ट, असें पांढरपेशा घरानें समजूं नये. तिच्यांत आपलाहि पैसा आहे.

याच विचारावर २००५ सालीं सबंध देशाचा कायदा झाला. वर्षांत १०० दिवस काम, मागणी केल्यापासून १५ दिवसांत. न मिळाल्यास बेकारी भत्ता. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत १२५ दिवसांचें वचन आहे आणि राज्यांवरील खर्चाचा भार वाढला आहे. त्यावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ वाद झाला व तो आपण सर्वांनीं मोबाईलवर पाहिला. पण १०० असोत वा १२५, मागणीची तारीख कागदावर चढली नाहीं तर पंधरा दिवस कोठून मोजावयाचे? तोंडी मागणीला तारीख नसते. दिनांक घातलेली पोंच हातांत नसेल, तर भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो.

येथें यंत्राचा धागा येऊन मिळतो. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी मोबाईलवर, दिवसांतून दोनदां, छायाचित्रासह घेणें सक्तीचें झालें. खोटीं नांवें घालून पैसे उचलले जात, ती चोरी थांबावी हा हेतु योग्यच होता. परंतु माळरानावर मोबाईलला रेंज नसली, तर दिवसभर घाम गाळलेल्या बाईचा खाडा लागूं शकतो. तिनें काम मागितलें त्या दिवसाचें छायाचित्र मात्र कोणी काढीत नाहीं. मजुरी उशिरां निघाली तर त्या दिरंगाईची हजेरी कोणी दोनदां घेत नाहीं. यंत्र मजुराला आवरतें. कचेरीला आवरीत नाहीं. दोष यंत्राचा नव्हे. त्याचें तोंड कोणीकडे वळविलें आहे, याचा आहे.

ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला विशेष जाचणारी आहे. दसरा झाला कीं लाखों माणसें मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. हत्याराच्या नांवानें माणसें मोजण्याची ही रीत पुष्कळ बोलकी आहे. २०२३ सालीं राज्य सरकारनें ऊस तोडणी यंत्रांसाठीं योजना आणली: ९०० यंत्रें, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यांपैकीं जें कमी असेल तेवढें अनुदान. मजुरांच्या पाठीवरचें ओझें यंत्रानें उचललें तर वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण तें यंत्र फडांत उतरल्यावर जे कोयते माघारीं येतील, त्यांना गांवीं काम काय, याची तजवीज यंत्र घेणाऱ्याच्या हिशेबांत नसते. ती गांवानें करावयाची असते, आणि गांवाजवळ त्यासाठीं रोजगार हमीचाच कायदा आहे.

आपल्या पदवीधर चिरंजीवांची स्थिति तरी काय निराळी आहे? २०२३ च्या तलाठी भरतींत सुमारें साडेचार हजार जागांसाठीं दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला अर्जाचें शुल्क १००० रुपये होतें. म्हणजे एका खुर्चीमागें दोनशेंहून अधिक उमेदवार! मोबाईलवरून अर्ज भरणें सोपें झालें, त्यामुळें नोकरीहि जवळ आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षांत फक्त रांग लांबली. रांगेंतल्या मुलाला मग दिवस घालविण्यासाठीं राजकारण लागतें. कोणत्या तरी पुढाऱ्याच्या बाजूनें भांडलें कीं, आपण कांहीं तरी केलें असें समाधान मिळतें.

यावर माझी एक साधी सूचना आहे. रोजगार हमीचीं कामें, मजुरांची हजेरी आणि दिलेली मजुरी यांची गांववार नोंद सरकारनें इंटरनेटवर सर्वांस पाहण्याजोगी ठेवली. नव्या कायद्यांतहि माहिती जाहीर करण्याचें व सामाजिक लेखापरीक्षणाचें बंधन आहे. आपल्या घरांतील मुलानें किंवा सुनेनें आठवड्यांतून एक तास आपल्या गांवची ती नोंद उघडून पाहावी. कोणता रस्ता कागदावर झाला आणि कोणता जमिनीवर. कोणाचें नांव हजेरींत आहे आणि तो माणूस कोठें आहे. मजुरी किती दिवसांनीं जमा झाली, हें वहींत उतरून घ्यावें आणि ग्रामसभेंत वाचावें. ज्यांना लिहितां येत नाहीं, त्यांच्या मागणीचा अर्ज लिहून द्यावा आणि तारखेची पोंच घेतल्याशिवाय त्यांना परत फिरूं देऊं नये.

यांत धोका नाहीं असें मी म्हणणार नाहीं. हजेरीपट वाचणारा मुलगा गांवांतील कोणास तरी नकोसा होतो. म्हणून त्यानें एकट्यानें जाऊं नये. चार घरांनीं मिळून आपापलीं मुलें पाठवावीं, आणि वडील माणसांनीं ग्रामसभेंत त्यांच्या शेजारीं जाऊन बसावें. एकत्र कुटुंबाचें बळ लग्नमुंजींतच दाखवावें, असा कोठें नियम नाहीं.

यानें मुलाला नोकरी मिळेल काय, असें काकू विचारतील. मिळेलच असें वचन कोणी देऊं नये. परंतु सरकारी कागद वाचणें, हिशेब ताडणें, अर्ज लिहिणें आणि चारचौघांत उभें राहून न अडखळतां बोलणें, हें शिक्षण त्याला कोणत्याहि पदवीनें दिलेलें नाहीं. तें येथें शुल्कावांचून मिळेल. त्याच्या एका पोंचीमुळें एखादें घर यंदां दसऱ्यानंतरहि गांवीं राहूं शकलें आणि त्या घरांतील लेंकरांची शाळा सुटली नाहीं, तर तें देशाचेंच राजकारण झालें. तोंपर्यंत निदान आपल्या घरांत तरी वडील माणसांनीं 'बेकार' हा शब्द त्याच्या मूळ अर्थापलीकडे जाऊं देऊं नये.