बॅटरी चांगली, तरी ट्रॅक्टर सुरू का होत नाही ?

मृगाचा पाऊस समाधानकारक झाला, रानाला वाफसा आला, बी-खत घरात येऊन पडले, आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना, असा प्रसंग जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांना नवा नाही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील काळ्या भारी जमिनीत वाफसा फार दिवस टिकत नाही. एक तर वरचा थर वाळतो, नाही तर दुसरा पाऊस येऊन चिखल होतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर सोयाबीनची पेरणी करावी आणि ती १५ जुलैच्या आत उरकावी, अशी शिफारस आहे. या मुदतीतील दोन-तीन दिवस यंत्राच्या बिघाडात गेले, तर त्याची भरपाई पुढे होत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही, अशा भाड्याने पेरणी करून घेणाऱ्या लहान शेतकऱ्यांचेही काम त्याबरोबर खोळंबते.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो. ती शहरात नेऊन भरून आणली जाते, प्रसंगी नवी विकत घेतली जाते, आणि तरीही इंजिन सुरू होत नाही. पैसे जातात व दिवसही जातो. यास्तव बॅटरीचे काम कोठे सुरू होते व कोठे संपते, हे प्रत्येक ट्रॅक्टर चालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरीचे काम किती ?

पूर्वी मोटारीचे इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीवर विजेची मोटार बसविण्यात आली आणि दांड्याचे काम बॅटरीकडे आले. ट्रॅक्टरवरील या मोटारीलाच गावात 'सेल्फ' म्हणतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दाबली जाऊन अतिशय तापते व त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. म्हणजे बॅटरीने इंजिन पुरेशा वेगाने फिरविले की तिचे मुख्य काम संपले. पुढचे काम डिझेलचे व हवेचे आहे.

पहिला प्रश्न

चावी फिरविल्यावर इंजिन फिरते की नाही, हे प्रथम पाहावे. फिरत नसेल तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा. चांगल्या वेगाने फिरते पण पेट घेत नसेल, तर दोष बहुधा डिझेलच्या वाटेवर असतो. एवढा एक निर्णय झाला की निम्मा शोध संपतो.

इंजिन फिरत नसल्यास

अनेक ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज सेल्फला वीज मिळत नाही. ही सोय चालकाच्या संरक्षणासाठी असते. म्हणून आधी क्लच, गिअर व पी. टी. ओ. यांचे दांडे तपासावेत.

नंतर पुढचे दिवे लावून चावी फिरवावी. दिवे तसेच लखलखीत राहिले व सेल्फ गप्प राहिला, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. फ्यूज, चावीचा स्विच, क्लचचा स्विच किंवा सेल्फवरील सोलेनॉइड यांपैकी एकात दोष असतो. दिवे एकदम मंदावले, किंवा केवळ 'टक्' असा आवाज आला, तर बॅटरीच्या टोकांवरील जोड, जाड तारा अथवा खुद्द सेल्फ यांकडे वळावे.

दिवे लागतात म्हणजे जोड चांगला आहे, असे समजू नये. विहिरीवरील नळ गाळाने बुजत आला तरी ठिबकापुरते पाणी येते, पण पाट वाहत नाही. तसेच येथे होते. दिव्यांना थोडे अँपिअर पुरतात, तर सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार एवढा प्रवाह जाऊ देत नाही. ऋण टोकापासून ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीकडे तर सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. तिच्या बोल्टाखाली गंज, रंग व माती साचते.

साधा मीटर असल्यास खात्री करता येते. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास अर्थिंगचा जोड खराब आहे.

साफ करताना आधी ऋण तार सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने क्षार धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके घासून कोरडी करावीत, जोड घट्ट आवळावा व वर व्हॅसलीन लावावे.

इंजिन फिरते, पण पेट घेत नसल्यास

इंजिन बंद करण्याची मूठ ओढलेलीच राहिली नाही ना, हे प्रथम पाहावे. मग टाकीतील डिझेल व टाकीखालचा कॉक तपासावा. सेल्फ मारताना धुराड्यातून मुळीच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरात पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर ते पोहोचते पण जळत नाही. अशा वेळी इंजिन मंद फिरते काय ते पाहून मिस्त्रीस दाखवावे.

टाकी रिकामी होईपर्यंत ट्रॅक्टर चालविल्यास किंवा फिल्टर बदलल्यास नळीत हवा शिरते. ती काढण्यासाठी फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. आधी फेस येतो, नंतर बुडबुड्यांविना डिझेल येते. ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा. डिझेल पंपावरील स्क्रूचेही तसेच करावे. फिल्टरखाली पाणी साचले असल्यास तेही काढून टाकावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आहेत. इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा असलेल्या ट्रॅक्टरांच्या उच्च दाबाच्या नळ्या घरी सोडू नयेत.

जिवाशी खेळ नको

घाईच्या वेळी पान्हा किंवा पेचकस लावून सेल्फची दोन टोके जोडण्याची प्रथा धोक्याची आहे. तिच्यामुळे संरक्षक स्विच निरुपयोगी होतो. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तत्क्षणी चालू लागतो, आणि टोके जोडणारा माणूस चाकाच्या वाटेतच उभा असतो. ट्रॅक्टर नेहमी चालकाच्या आसनावर बसूनच सुरू करावा. बॅटरीजवळ विडी किंवा काडी पेटवू नये, कारण तिच्यातून निघणारा वायू स्फोटक असतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये त्यास अर्धा मिनिट विश्रांती द्यावी.

कार्यकर्त्यांसाठी

ही तपासणी पेरणीच्या सकाळी करण्याऐवजी मे महिन्याच्या अखेरीस करणे श्रेयस्कर होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक सकाळ ठरवून गावातील ट्रॅक्टर एका ठिकाणी बोलवावेत. टोके व अर्थिंग साफ करणे, बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी भरणे, फिल्टरमधील पाणी काढणे व क्लचचा स्विच तपासणे, ही कामे चालकांकडूनच करवून घ्यावीत. ज्या ट्रॅक्टरांचे स्विच काढून टाकलेले किंवा तारांनी जोडलेले आढळतील, त्यांची नोंद ठेवून ते पाऊस पडण्यापूर्वी मिस्त्रीकडून पूर्ववत करून घेण्याचा आग्रह धरावा.