ॲम्प्लिफायर, वळीव आणि विजेची उसळी

आमच्या बेळगावात वळीव येतो तो गडगडाट घेऊनच. पहिल्या कडकडाटाला मराठी घरातून 'लाईट गेली' आणि शेजारच्या कन्नड घरातून 'करंट होय्तु' हे एकाच वेळी ऐकू येते. लाईट नसताना ॲम्प्लिफायरला काही होत नाही. धोका असतो तो लाईट जाता-येताना होणाऱ्या उसळीचा.

घरातील २३० व्होल्ट ही खरे तर एक प्रकारची सरासरी आहे. प्रत्यक्ष दाब सेकंदाला ५० आवर्तने करीत सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत चढतो. जवळपास वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की या लाटेवर शेकडो, कधी हजारो व्होल्टचा काटा उभा राहतो. तोही सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांपुरताच.

या काट्यावर उपाय म्हणजे एमओव्ही, झिंक ऑक्साइडची एक लहानशी चकती. ती फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडतात. एरवी ती निमूट बसते; दाब फार वाढला की स्वतः वाट मोकळी करून तो जादा प्रवाह वळवते. संगीतप्रेमी मंडळींची तक्रार असते की, प्रोटेक्टर लावला की आवाज मरतो. पण ॲम्प्लिफायरचा प्रवाह या चकतीतून जातच नाही, मग ती आवाज बिघडवणार कशी?

तरीही तक्रार अगदीच खोटी नाही. ॲम्प्लिफायरचा रेक्टिफायर लाटेच्या शिखरावरच घोट घोट प्रवाह ओढतो. वाटेत बारीक वायर, सैल सॉकेट किंवा लहान पडणारी कॉइल असली की हा घोट अपुरा पडतो आणि मोठ्या आवाजात डग्ग्याचे वजन कमी होते. दोष चकतीचा नसून स्वस्त बोर्डाचा असतो. जाड आणि आखूड वायर, घट्ट बसणारा प्लग एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर या चकतीला घसारा असतो. प्रत्येक मोठ्या तडाख्यानंतर ती थोडी झिजते, पण तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. स्वस्त बोर्डावरचा लाल दिवा फक्त वीज आहे एवढेच सांगतो. चकती जिवंत आहे की नाही, हे नव्हे.

दुसरा शत्रू याहून वाईट. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पोलावरचा न्यूट्रल तुटला. ट्यूबलाईट झगझगल्या, पंखे भिरभिरले आणि दहा मिनिटांत तीन घरांचे टीव्ही व एका आजोबांचा निवृत्तीच्या पैशातून घेतलेला ॲम्प्लिफायर गेला. न्यूट्रल तुटला की ज्या घरात भार कमी, त्या घरात दाब चारशेच्या जवळ जाऊ शकतो आणि तो टिकून राहतो. क्षणाच्या तडाख्यासाठी केलेली एमओव्ही इथे तापून जळते. म्हणून तिच्याबरोबर फ्यूज हवाच. खरा उपाय म्हणजे दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच लाईन तोडणारा आणि काही मिनिटे थांबून पुन्हा जोडणारा कट-ऑफ. तो नुसता स्विचच असल्याने आवाजाला त्याची बाधा नाही. स्टॅबिलायझर मात्र कमी-जास्त दाब सावरण्यासाठी आहे. काटा अडवण्याइतका तो चपळ नाही. लहान क्षमतेचा घेतला तर डग्गा दाबतो तो वेगळाच.

काही जण घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. हे मुळीच करू नये. उसळीला जमिनीत जायची वाट बंद होते आणि आत बिघाड झाल्यास पेटीच्या पत्र्यालाच करंट येतो.

आणि ढग गडगडू लागले की प्लग काढावा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. आकाशातून इतके अंतर कापून आलेली वीज स्विचमधली तेवढीशी फट सहज ओलांडते. ॲम्प्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची केबलही काढावी, कारण गच्चीवरच्या डिशकडून येणारी वाट उघडीच असते.