चढावरच्या वाटेसाठी घोटभर पाणी

परवा आमच्या शेजारच्या काकू हॉस्पिटलमधून घरी आल्या. हृदयविकाराचा मोठा झटका; डॉक्टरांनी आशा सोडली होती. भेटायला गेले तर म्हणाल्या, "अगं, आमची आई दारात उभी होती. मला आत काही येऊ दिलं नाही तिनं!" मुलाच्या मते हा औषधांचा परिणाम.

मरणाच्या दारातून परतलेल्यांचे असे अनुभव डॉ. रेमंड मूडी या अमेरिकन लेखकाने १९७५ साली पुस्तकात मांडले. बोगदा, प्रकाश, आधी गेलेली आपली माणसे. २००१ साली हॉलंडमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांना असे काहीतरी आठवत होते. म्हणजे काकू एकट्या नाहीत! कारणांवर मात्र शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

मला कुतूहल वाटले ते आफ्रिकेचे. झांबियात टिपून ठेवलेल्या अशा हकिकतींत काही जण मुळीच हरखलेले दिसत नाहीत. आपल्यावर कुणीतरी करणी केली, अशीच त्यांची समजूत.

घानातले अकान लोक मृतांच्या गावाला असामान्डो म्हणतात. तिथे जायचे तर मोठा चढ चढावा लागतो, घसा कोरडा पडतो. म्हणून मरणाऱ्याच्या तोंडात घरची माणसे पाणी घालतात. हे वाचले आणि आमच्या देवघरातला गंगेचा गडू डोळ्यांपुढे आला. नायजेरियातल्या योरुबा घरात आजी गेल्यावर मुलगी जन्मली, तर तिचे नाव ठेवतात येतुंडे, म्हणजे 'आई परत आली'.

केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ साली आफ्रिकी धर्मविचारांवर पुस्तक लिहिले. ते म्हणतात, गेलेल्याला नावानिशी ओळखणारे कुणी घरात आहे, तोवर तो 'जिवंत मृत'. चार-पाच पिढ्यांनी शेवटचा ओळखणारा गेला, की तो 'झमानी'त मिसळतो. हा स्वाहिली शब्द आपल्या 'जमाना'चाच भाऊबंद बरं का! पण यात बाईच्या जिवाला घोर आहे. जिला मूलबाळ नाही, तिचे नाव घेणार कोण? तिथे वांझपणाचे दुःख मरणापलीकडेही जाते, ते यामुळे.

काल पुन्हा काकूंकडे गेले. सहज विचारले, "काकू, तुमच्या आईचं नाव काय हो?" सून माझ्याकडे बघतच राहिली. तिला ते ठाऊक नव्हते, मुलालाही आठवेना. काकूंनी सांगितले, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. नातीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.