फिशटँकची वही आणि नागपूरची अकरा वर्षं

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तोच पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. २०१९ च्या जुलैत पेंचच्या तोतलाडोह धरणानं तळ गाठला आणि शहराला दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शहराच्या इतिहासात या तारखा राहणारच. घराघरांतल्या फिशटँकच्या इतिहासातही त्या आहेत, पण तिथं त्या बहुधा कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. ‘उन्हाळ्यात मासे गेले’, ‘पावसाळा लागला की आमच्याकडे मासे टिकत नाहीत’ एवढ्यावर आठवण संपते. या अकरा वर्षांकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते: नागपूरसारख्या शहरात टाकीची वही ठेवायची तर तिच्यात टाकीबाहेरचं पाणी आणि हवा आधी यायला हवी. त्याशिवाय टाकीतल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

नोंद ठेवण्याची कल्पना या छंदात नवी नाही. छंदाची सुरुवातच नोंदींतून झाली आहे. लंडनच्या अपोथिकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानं बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं तेव्हा त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, आणि हा सगळा क्रम टिपून १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि कुजकं खाणारा जीव यांचा मेळ बसतो हे त्यानं दाखवलं ते त्या टिपणांच्या जोरावर. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, छंद जगभर पसरला, आणि पुढे नोंदवहीचा एक ठरावीक नमुना रूढ झाला: तारीख, तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, किती पाणी बदललं. नमुना चांगला आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते नायट्रेट पाणी बदलून काढावं लागतं. हे चक्र लंडनला आणि नागपूरला सारखंच. पण त्या नमुन्यानं एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे नळाला येणारं पाणी वर्षभर जवळपास एकसारखं असतं आणि खोलीतली हवा माणसाच्या हातात असते. म्हणून तिथं हिटरला रकाना मिळतो, पंख्याला मिळत नाही, आणि बदललेलं पाणी लिहिलं जातं पण उडून गेलेलं पाणी लिहायचं कुणाला सुचत नाही.

उडून जाणाऱ्या पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठी घडामोड तीच असते. एप्रिल-मे मध्ये इथली हवा कोरडी ठणठणीत असते. टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला की पाणी उडतं आणि उडताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात तेच हे तत्त्व. पण याची किंमत असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ५४ लिटर पाणी मावतं. पंख्याखाली तिच्यातून रोज एक लिटर पाणी उडतं असं धरलं, तर दोन महिन्यांत साठ लिटरची भर घालावी लागते, म्हणजे सबंध टाकी एकदा रिकामी करून भरण्याइतकी. उडताना पाणी क्षार मागे ठेवून जातं आणि भर घातलेलं पाणी आपले क्षार घेऊन येतं. सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ४०० असेल, भरही तसल्याच बोअरच्या पाण्याची असेल आणि मधल्या काळात पाणी बदललं नसेल, तर दोन महिन्यांनी टाकीचा आकडा ८०० च्या पुढे जातो. पाणी स्वच्छ दिसतं, अमोनिया शून्य असतो, मासे हळूहळू सरावलेले असतात. या वाढीचा सुगावा फक्त एकाच रकान्यात लागतो: ‘बदललं किती’ यापासून वेगळा ठेवलेला ‘भर घातली किती’ हा रकाना. माझ्या मते नागपूरच्या वहीत हे दोन रकाने एकत्र करणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

आता जून पाहा. पाऊस तोंडावर येतो, पारा ४५ वरून ३६ वर येतो, घरातली माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात आणि टाकीतलं पाणी मात्र मे महिन्यापेक्षा गरम होऊ लागतं. हे चमत्कारिक वाटतं, पण हिशेब सरळ आहे. हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा बाष्पीभवनानं पाणी जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. हवा ३६ अंशांची आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तेव्हा ही मर्यादा ३० अंशांवर येऊन थांबते. प्रत्यक्षात टाकी त्या मर्यादेपर्यंत पोचत नाही, दोन्ही वेळा तिच्या वरच राहते. पण जूनमधली मर्यादाच सहा अंशांनी वर सरकलेली असते. जूनच्या मध्यात कूलर उपयोगाचा राहत नाही हे नागपुरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. टाकीवरचा पंखा त्याच आठवड्यात निरुपयोगी होतो हे मात्र क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. त्यातच २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांवर ७.३ च मावतो, आणि गरम पाण्यात माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. ज्यानं फक्त टाकीचं तापमान लिहिलं त्याला जूनचा आकडा कोड्यात टाकेल. शेजारी बाहेरचं तापमान आणि आर्द्रता लिहिली असेल, तर दोन वर्षांच्या नोंदी पाहून तिसऱ्या वर्षी पंखा कधी बंद करायचा आणि हवेचा पंप कधी वाढवायचा हे आधीच ठरवता येईल.

त्याच सुमाराला नळाचं पाणी पालटतं. कन्हान आणि पेंचचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं, ते निवळायला तुरटी जास्त घालावी लागते, आणि तुरटी पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद कमी करते. पावसाच्या पाण्यानं क्षारही पातळ होतात. दोन महिने क्षार साठवत गेलेल्या टाकीत अशा वेळी ‘आता पाणी मुबलक आहे’ म्हणून कुणी निम्मं पाणी एकदम बदललं तर माशांना तो धक्का सोसत नाही. पावसाळ्यात मासे टिकत नाहीत या तक्रारीमागे रोगापेक्षा हे कारण अनेकदा असावं असं मला वाटतं. २०१९ सालचा जुलै याच्या उलट होता. पाणी येण्याच्या महिन्यात पाणी आलं नाही. ज्यांना जमलं त्यांनी बोअर किंवा टँकरचं पाणी वापरलं. म्हणून ‘पाणी कुठलं’ हा रकाना हवा: नळ, बोअर, टँकर, आरओ. एवढा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो?

कारण आणि परिणाम यांच्यात काही दिवसांचं अंतर असतं, हीच तारीखवार नोंदीची खरी गरज. सप्टेंबर २०२३ च्या पुरात पाणी शिरलेल्या भागांत वीजही गेली. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये वीज गेल्यावर पाणी थांबतं, आतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि अमोनिया पचवणारे जिवाणू मरू लागतात. वीज येते, मोटर सुरू होते, सगळं पूर्वपदावर आल्यासारखं दिसतं, आणि अमोनिया चढतो तो त्यानंतर एक-दोन दिवसांनी. तोवर घरातलं लक्ष भिजलेल्या सामानाकडे गेलेलं असतं. मासा मरतो तेव्हा दोष नव्या खाण्याला किंवा गेल्या आठवड्यात आणलेल्या माशाला दिला जातो. ‘वीज नऊ तास नव्हती’ एवढी एक ओळ असती तर फिल्टर धुऊन सुरू करावा, खाणं दोन दिवस बंद ठेवावं, हे सुचलं असतं.

यावर जुन्या जाणत्यांचा आक्षेप असतो की अनुभवी माणसाला मासा पाहूनच कळतं. त्यात तथ्य आहे. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो, पंख मिटून घेतो, हे ओळखायला मीटर लागत नाही. पण नजरेला अचानक झालेला बदल दिसतो, संथ बदल दिसत नाही. बराच काळ पाणी न बदललेल्या टाकीचा पीएच हळूहळू उतरत जातो. अमोनिया साठलेला असतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. मग एखाद्या रविवारी मालक जोमानं अर्धी टाकी उपसतो आणि ताजं पाणी भरतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ६.५ वरून ८ वर गेला, तर त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा सुमारे तीसपट होतो. संध्याकाळपर्यंत मासे जातात आणि घरात समजूत पक्की होते की पाणी बदललं की मासे मरतात. त्या घरात पाणी पुन्हा बदललं जात नाही. निरीक्षण अचूक, निष्कर्ष पूर्ण चुकीचा. आणि तो दुरुस्त करायला मागच्या सहा महिन्यांचे पीएचचे आकडे हाताशी नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. घरगुती टेस्ट किट ढोबळ असतात, थेंब टाकून रंग जुळवायचा, स्वस्त मीटर चुकतात. मग असले आकडे लिहून काय साधतं? याचं उत्तर नागपूरनंच दिलं आहे. ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. बातमी देशभर गेली, आणि हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. तो आकडा संशयास्पद आहे हे लगेच ध्यानात आलं, कारण शेजारच्या केंद्रांच्या आणि आधीच्या अनेक उन्हाळ्यांच्या नोंदी समोर होत्या. एकटा आकडा खरा की खोटा हे सांगता येत नाही. रांगेतला आकडा चुकला तर रांगच त्याला उघडं पाडते. मीटर पाच टक्क्यांनी नेहमीच जास्त दाखवत असेल तरी त्यावरचा चढ-उतार खराच असतो. म्हणूनच सगळं सुरळीत असलेल्या दिवसांची नोंद मला संकटाच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते. २०१३ चे ४७.९ अंश विक्रमी ठरले ते इतर हजारो साध्या दिवसांचं तापमान कुणीतरी न कंटाळता लिहिलं होतं म्हणून.

रसायनशास्त्र कळत नाही, मग लिहून उपयोग काय, असंही म्हटलं जातं. शास्त्रज्ञांनाही ते टप्प्याटप्प्यानं कळत गेलं आहे. टाकीतल्या नायट्राइटचं नायट्रेट नायट्रोबॅक्टर करतात असं पुस्तकं अनेक दशकं सांगत आली. १९९८ मध्ये ते काम गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असं दिसलं. २०११ मध्ये अमोनिया पचवण्यात आर्किया नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा मोठा वाटा असल्याचं आढळलं, आणि २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्यानं पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून. या काळात स्पष्टीकरण तीनदा बदललं. ज्यांनी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटचे आकडे तारखेसह लिहिले होते, त्यांची एकही ओळ खोडावी लागली नाही.

छंदाची कचेरी होते ही तक्रार मात्र मी मान्य करतो, पण ती रोज सात चाचण्या करायला सांगणाऱ्या वहीबद्दल. इथं आठवड्याला एक ओळ पुरते, आणि एप्रिल ते जुलै रोज टाकीचं तापमान नि भर घातलेलं पाणी. थंडीत हिटर नीट चालतो ना, एवढं पाहिलं तरी भागतं. २०१८ सारखी एखादी रात्र सोडली तर हिवाळा इथं फारसा त्रास देत नाही. मोबाइलमध्ये लिहा की कागदावर, फरक पडत नाही. फोन बदलला तरी नोंद राहिली पाहिजे, एवढीच अट. एक रकाना मी आग्रहानं वाढवीन: मासा कुठून आला आणि कुठे गेला. इथले पुष्कळ मासे कोलकात्याहून किंवा चेन्नईहून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येतात, वेगळ्या पाण्यातून येतात. ते कळलं तर नव्या पाण्यात सोडायला घाई होत नाही. आणि मोठा झालेला सकर मासा ‘तलावात सोडला’ असं लिहायची वेळ आली तर हात थांबावा, कारण उजनी धरणातल्या मच्छीमारांना हाच मासा जाळी फाडून त्रास देतो आहे.

या शहरात १९५८ पासून पाण्यावर संशोधन करणारी संस्था आहे, जिला आज आपण नीरी म्हणतो, आणि माफसू या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालयही इथंच आहे. नागपूरच्या नळाचं पाणी महिन्यागणिक माशांसाठी कसं पालटतं, याचा साधा तक्ता एखाद्या विभागानं विद्यार्थ्यांकडून वर्षभर करून घेतला आणि निरनिराळ्या भागांतल्या पन्नासेक घरांच्या वह्या त्याला जोडल्या, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी किती बदलावं, या प्रश्नाला धरमपेठेत आणि महालात वेगवेगळं, पण नेमकं उत्तर देता येईल.