‘एकही मनोरुग्ण नाही’ असा दाखला

बडोद्याच्या जेल रोडवर मध्यवर्ती कारागृह आहे आणि सयाजीराव रुग्णालयही. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शिवाय कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. गुजरातमध्ये अशी चारच, बाकीची तीन अहमदाबाद, जामनगर आणि भूजला. तेव्हा बडोद्याच्या कैद्याला मनाचा डॉक्टर तसा हाकेच्या अंतरावर. पण त्याला स्वतःच्या पायांनी तिथं जाता येत नाही. आधी बराकीतल्या कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं की याचं काहीतरी बिनसलंय. मग तुरुंगाच्या डॉक्टरांची तपासणी, मग कागदपत्रं, मग पोलिसांचा जाप्ता.

यातली पहिलीच पायरी सर्वांत कच्ची आहे. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. जेवण सोडून कोपऱ्यात बसलेला ‘शांत कैदी’ ठरतो. दारू किंवा गर्द अचानक सुटल्यामुळे पहिल्या काही दिवसांत होणारा त्रास कित्येकदा नाटक समजला जातो. आत आल्यानंतरचे पहिले आठवडे, जामीन फेटाळला गेल्याचा दिवस, शिक्षा सुनावल्याची रात्र आणि मुलाखतीला कुणीच न येणं या धोक्याच्या वेळा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशातल्या तुरुंगांत 159 अनैसर्गिक मृत्यू झाले. त्यांपैकी 119 आत्महत्या होत्या. त्या वर्षाअखेर दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. पुढची तारीख माहीत असते, सुटकेची नसते. ही टांगणीच अनेकांना पोखरते.

आजार किती असू शकतो, याचा अंदाज बंगळूरच्या तुरुंगात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून येतो. पाच हजारांहून अधिक कैदी तपासले गेले. व्यसनं बाजूला ठेवूनही 27.6 टक्के कैद्यांना निदान करता येईल असा मानसिक आजार होता.

आता कायदा पाहू. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 31 नुसार तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. कलम 103 म्हणतं की, प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय कक्षात मानसोपचार केंद्र हवं. याच कलमात आणखी एक तरतूद आहे: तुरुंगाच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा, आणि त्यात तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही, असं प्रमाणित करायचं.

यामागचा हेतू चांगला आहे. एकेकाळी कुठलाही गुन्हा न केलेले मनोरुग्णही तुरुंगात डांबले जात. पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ही प्रथा बेकायदा ठरवली. आजारी माणूस कोठडीत खितपत पडू नये, हीच या दाखल्यामागची अपेक्षा. असा कैदी आढळला, तर त्याला उपचारासाठी का हलवलं नाही, हे विचारण्याचा अधिकारही मंडळाला आहे. पण व्यवहारात ‘नाही’ लिहिणारा डॉक्टर मोकळा होतो आणि ‘आहे’ लिहिणाऱ्यावर खुलाशाची पाळी येते. शोधलंच नाही, तर सापडणार काय?

म्हणून त्रैमासिक अहवालातला प्रश्न उलटा करायला हवा. नव्याने आलेल्या किती जणांची मानसिक तपासणी झाली? आजार किती जणांना आढळला? किती जणांवर आतच उपचार झाले, किती जणांना रुग्णालयात हलवलं? सुटताना किती जणांच्या हाती गोळ्या आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली? बडोद्यासारख्या शहरात, जिथे मानसोपचार विभाग आणि मनोरुग्णालय दोन्ही आहेत, तिथले डॉक्टर ठरल्या दिवशी तुरुंगात जाऊ शकले, तर अनेकांसाठी जाप्त्याची वाट पाहावी लागणार नाही. कोठडीने माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं असतं; उपचाराचा हक्क काढून घेण्याची शिक्षा कुठल्याही न्यायालयाने सुनावलेली नसते.