विहिरीत उतरून तारे दिसत नाहीत

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात ‘तारे दिवसाही आकाशात असतातच, उजेडामुळे दिसत नाहीत’ एवढं म्हणायचा अवकाश, मागून कोणीतरी हमखास बोलतं, “पण खोल विहिरीच्या तळाशी उतरलं की भर दुपारीही दिसतात.” तुम्ही पाहिलेत? “मी नाही, आमच्या आजोबांनी.” आणि आजोबांना विचारावं, तर त्यांनाही ते दुसऱ्याच कोणी सांगितलेलं असतं!

ही समजूत जुनी, आणि तिला पाठीराखेही मोठे. खड्ड्यांतून, विहिरींतून कधीकधी तारे दिसतात, असं अ‍ॅरिस्टॉटल लिहून गेला. एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शेलसारख्या खगोलशास्त्रज्ञानेही ते खरं मानलं. त्याच काळातल्या हम्बोल्ट या निसर्गशास्त्रज्ञाने मात्र खाणकामगारांना आणि धुराडी साफ करणाऱ्यांनाच गाठून विचारलं. दिवसा तारा पाहिलेला एकही जण त्याला भेटला नाही. पुढे विसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ जे. अ‍ॅलन हायनेक यांनी ओहायोत विद्यार्थ्यांना घेऊन एका जुन्या धुराड्याच्या तळातून अभिजित शोधला. द्विनेत्री लावूनही तो दिसला नाही.

दिसणार कसा? विहिरीतला अंधार तुमच्या भोवती असतो. ताऱ्याला झाकणारा उजेड असतो वर, हवेत. ऊन हवेच्या रेणूंवरून विखुरतं, म्हणून तुमच्या डोक्यावरचं आकाश निळं उजळतं. विहिरीचा काठ बाजूचं आकाश झाकतो, वरच्या तुकड्याचा उजेड तसूभरही कमी करत नाही. उलट खग्रास सूर्यग्रहण आठवा. २४ ऑक्टोबर १९९५ला राजस्थानात नीम का थाना इथे लोकांना शुक्र दिसला, तो उघड्या मैदानात. चंद्राची सावली त्यांच्यावर पडली होती तशीच वरच्या हवेवरही पडली होती.

तरीही पटत नसेल तर हिशेब करू. वीस फूट रुंद, साठ फूट खोल कोरड्या विहिरीतून आकाशाचा जेमतेम १९ अंशांचा तुकडा दिसतो. त्यात ठळक तारा यायला तर हवा! अहिल्यानगरच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून स्वाती जातो, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो माथ्यावर येतो भर दुपारी. तासाभराहून जास्त वेळ तो त्या तुकड्यात असतो. एवढी सोय असूनही दिसेल ते निळं आकाशच. कोणाला काही चमकताना दिसलंच असेल, तर ते उन्हात आलेले धूलिकण असावेत.

दिवसा तारा बघायचाच असेल तर दुर्बीण घ्या. ती आकाशाचा उजेड पसरवून फिका करते, तारा मात्र ठिपकाच राहतो. शुक्र तर नेमकी जागा ठाऊक असली की नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, भिंतीच्या सावलीत उभं राहून. विहीर नको.

ताऱ्यांबद्दलचे बाकीचे गैरसमज किरकोळ. ध्रुव सर्वांत तेजस्वी? पहिल्या चाळिसांतही नाही. तारे स्वतः लुकलुकतात? ती आपल्या हवेची करामत. चंद्रावरच्या फोटोंत तारे नाहीत म्हणजे ते खोटे? उन्हातल्या जमिनीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात तारे उमटत नाहीत. १९७२मध्ये अपोलो-१६ने त्यासाठी वेगळा अतिनील कॅमेरा नेला, त्यात उमटले. आणि ‘दिसणारे तारे कधीच मेलेत’? व्याधाचा प्रकाश इथे यायला साडेआठ वर्षं लागतात, रोहिणीचा सुमारे ६५. ताऱ्यांची आयुष्यं लाखो-कोट्यवधी वर्षांची. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळपास सगळे जिवंत आहेत.