वॉटर किंगडमला घरचा डबा का चालत नाही? आणि मग गोराईत खायचं कुठे?

मुंबईत नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या कुणाहीसमोर गोराईचं नाव काढा. आधी एस्सेल वर्ल्डच्या जाहिरातीचं गाणं आठवतं, मग खाडीतली फेरीबोट. १९८९ मध्ये हे पार्क सुरू झालं आणि शेजारी १९९८ मध्ये वॉटर किंगडम आलं. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये एस्सेल वर्ल्डच्या राइड थांबल्या, त्या पुढची अनेक वर्षं बंदच राहिल्या. वॉटर किंगडम मात्र पुन्हा उघडलं.

त्यासोबत गेटवरचा जुना सीनही परत आला. बॅग उघडली जाते. थेपल्यांचा डबा, वेफर्सची पाकिटं, लाडू बाजूला काढले जातात. बाहेरचं खाणं आत चालत नाही. चार जणांचं कुटुंब तिकिटाला आधीच काही हजार मोजून आलेलं असतं. आता दुपारचं जेवण, संध्याकाळचा नाश्ता आणि दिवसभराचं पाणी आतच विकत घ्यायचं, हा खर्च त्यांनी धरलेलाच नसतो.

मग पहिला प्रश्न येतो तो हाच: असं अडवता येतं का?

थीम पार्कचा थेट निकाल शोधण्याऐवजी आधी सिनेमागृहांचं प्रकरण बघा, कारण मुद्दा तोच आहे. २०१८ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने थिएटरमध्ये बाहेरचं खाणं न्यायला मनाई करू नका, असा आदेश दिला. थिएटरमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ जानेवारी २०२३ ला तो आदेश रद्द झाला. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, तिथे काय आणू द्यायचं याच्या अटी मालक ठरवू शकतो आणि त्या पटत नसतील तर प्रेक्षकाने जाऊ नये. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जिलेबीचं उदाहरण दिलं. कुणी जिलेबी खाल्ली आणि पाकाचे हात सीटला पुसले, तर सफाईचे पैसे कोण देणार?

पण त्याच प्रकरणात दोन गोष्टींची नोंद झाली. प्रेक्षकांना पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळतं आणि लहान बाळाचं खाणं आत नेऊ दिलं जातं. बातम्यांमध्ये जिलेबी गाजली, कामाचा भाग मात्र हा होता.

निकाल थिएटरचा असला तरी थीम पार्कवाल्यांचा युक्तिवाद याच वळणाचा असतो. स्वच्छता, पाण्यात तरंगणारे खाण्याचे तुकडे, काचेच्या बाटल्या ही कारणं खोटी नाहीत. वॉटर पार्कमध्ये अनवाणी फिरतात, तिथे फुटलेली काच म्हणजे थेट दवाखाना. पण खाण्यापिण्याची विक्री हीसुद्धा पार्कची तिकिटाखालोखाल महत्त्वाची कमाई असते, हे त्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

यात दुसरी वाट नाही असंही नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्ये काच आणि दारू सोडून आपलं खाणं आत नेता येतं. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये तर खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो. टोकियो डिस्नेलँडला डबा चालत नाही, पण गेटबाहेर डबा खाणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवली आहे. गोराईला येणाऱ्या कुटुंबांना निदान तेवढी सावली मिळाली तरी पुष्कळ.

बाळाचं दूध-पेज, डायबेटिस असलेल्या आजोबांसाठीची दोन बिस्किटं, औषधं यांच्यासाठी निघण्याआधीच पार्कला फोन करून विचारा. जमलं तर उत्तर लेखी मागवा. गेटवर रांगेत उभं राहून वाद घालण्यापेक्षा मोबाइलवर आलेला एक मेसेज जास्त उपयोगी पडतो.

आतल्या किमतींचं काय?

इथे एक फरक लक्षात ठेवायचा. पावभाजी, वडापाव, पुलाव, चहा यांच्यावर एमआरपी नसते. पार्क ठरवेल तो भाव. सीलबंद बाटली, वेफर्सचं पाकीट, टेट्रापॅक यांचं तसं नाही. त्यांच्यावर छापलेल्या किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि दुकानदाराने त्यापेक्षा जास्त घेणं वैधमापन कायद्यात बसत नाही.

"पण हॉटेलात तर २० रुपयांची बाटली ५० ला देतात!" बरोबर. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटना ती मुभा दिली, कारण तिथे माणूस नुसती बाटली घेत नाही, तर बसायची जागा आणि वाढणाऱ्याची सेवाही घेतो. काउंटरवरून बाटली उचलून हातात देणाऱ्या स्टॉलने हाच निकाल पुढे करणं पटण्यासारखं नाही. म्हणून बिल मागा, बाटलीवरच्या किमतीचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणखी एक मेख आहे. २०१८ पासून तंतोतंत सारख्याच पाकिटावर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत. पण वेगळा ब्रँड किंवा वेगळ्या मापाची बाटली ठेवली तर तिची छापील किंमतच जास्त असू शकते. तिथे तक्रारीला जागा उरत नाही, म्हणून पैसे देण्याआधी बाटली फिरवून बघायची.

पाणी मात्र वाचवू नका. वॉटर पार्कमध्ये अंग ओलं असतं, त्यामुळे घाम जातोय हे कळतच नाही. मे महिन्यात चार-पाच तास उन्हात काढल्यावर मुलं "डोकं दुखतंय" म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा न प्यायलेलं पाणी असतं. तहान लागायची वाट न बघता दर थोड्या वेळाने दोन घोट प्यायला लावा. जुलाब-उलट्या झाल्या तर रंगीत गोड पेय उपयोगाचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, ती याच गोंधळामुळे. मेडिकलमधली खरी ओआरएसची पावडर बॅगेत असू द्या. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायची.

जेवणाचं म्हणाल तर भरपेट छोले-भटुरे खाऊन लगेच उंच स्लाइडवर चढणं म्हणजे उलटीला आमंत्रण. सकाळी घरून पोटभर निघा, दुपारी आत हलकं खा आणि खरं जेवण बाहेर पडल्यावर करा. घरचा डबा वाया घालवायचा नसेल तर तो जेट्टीवरच संपवून आत जा. त्याच तिकिटावर बाहेर येऊन परत आत जाता येतं का, हेही आधी विचारून ठेवा.

बाहेर पडल्यावर काय?

शेजारी, अगदी पायी जाण्याच्या अंतरावर, ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. ८ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. पॅगोडा बघायला तिकीट नाही आणि तिथे शाकाहारी खाण्याची सोय आहे. पार्कमध्ये दिवस घालवलेल्या कुटुंबाला चहा-नाश्त्यासाठी ही जागा सोयीची.

पण गोराईची खरी चव गावात आहे, आणि बहुतेक पर्यटक ती न चाखताच परततात. गोराई, मनोरी, उत्तन ही कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावं. हे ईस्ट इंडियन मूळचे इथलेच, घरात मराठीचीच बोली बोलणारे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी हे नाव घेतलं. त्यांचा बाटली मसाला उन्हाळ्यात वर्षभरासाठी कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. गडद काचेमुळे मसाल्याला उजेड लागत नाही, रंग टिकतो. या मसाल्यातलं मटण किंवा मासळी आणि सोबत फुगियास, म्हणजे ताडीने आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव. हे पार्कच्या फूड कोर्टात मिळण्याची आशा नको. गावातल्या छोट्या हॉटेलांत किंवा घरगुती जेवण देणाऱ्यांकडे आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर जमून जातं. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला ताडगोळे दिसले तर थांबाच. उन्हातून आलेल्या पोरांना कोल्ड्रिंकपेक्षा ते बरे.

बीअर प्यायची असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी वय २१ लागतं आणि कडक दारूसाठी २५. स्लाइडवर जायच्या आधी तर अजिबात नको.

मासळीसाठी येणार असाल तर महिना बघून या. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत या किनाऱ्यावरची घरं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील आणि जवळा काढतात. कांदा-कोकम घालून केलेलं सुक्या बोंबलांचं कालवण कुठे मिळालं, तर सोबत तांदळाची भाकरी मागा.